बाबांची पहिली वाईन

हे मी अजून कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला सांगतेय — कुठून सुरुवात करू, तेही नीट ठरलेलं नाही.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी होते. तिथल्या वाफांनी त्यांचं नाक गेलं. वास नाही, चवही जवळजवळ नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी वांगणीच्या पुढे एक उभा डोंगरउतार घेतला आणि तिथे सिरा जातीची काळी द्राक्षं लावली. इतक्या पावसात द्राक्षं? सगळे हसले. बाबांचं म्हणणं एकच — एवढ्या उतारावर पाणी मुळाशी थांबणारच नाही. दगड रचून त्यांनी टप्पे केले, वाईन बनवायचा परवाना काढला, खाली शेडमध्ये स्टीलची टाकी बसवली. आई त्या टाकीकडे बघायचीही नाही. म्हणून चव घ्यायचं काम माझं. बाबा बाहेरून बाटल्या आणायचे, मला चाखायला लावायचे. "तू माझी जीभ," म्हणायचे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी लग्नाची. रविवारी पाट्या घेऊन ते टप्पे चढायचे-उतरायचे, पोटऱ्या भरून यायच्या. पण मी पुढे जे केलं, त्याचं कारण ते नव्हतं. बदलापूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मला आवडला होता. त्याच्या आईनं विचारलं, "तुमच्याकडे दारू बनवतात ना?" — आणि पुढे निरोपच आला नाही. मला वाटलं, हे सगळं एकदाचं बंद पडू दे. इतकंच वाटलं का? बाबांचा राग आला होता. खूप.

त्याच महिन्यात पहिली वाईन तयार झाली. बाबांनी पेला भरून माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी घोट घेतला. आधी मिरीसारखा झणका, मग पिकल्या जांभळासारखं काहीतरी, जिभेवर रेंगाळणारं. चांगली होती. हे मला त्याच क्षणी कळलं.

"नासलीय, बाबा," मी म्हणाले. "नुसती आंबट लागतेय."

"नक्की?"

मी मान हलवली. त्यांनी नळ सोडून दिला. अख्खी टाकी शेडबाहेरच्या चरातून वाहून गेली. थांबवायला एक शब्द पुरला असता — मी तो बोलले नाही.

आता ते सोडून देतील, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते टाकी घासत होते. आपल्याच स्वच्छतेत काही राहिलं, असं त्यांनी धरलं होतं. छाटणीला मला हाक न मारता एकटेच वर गेले. मग मीच कात्री घेऊन मागून गेले. त्यांनी बाजूची ओळ माझ्यासाठी सोडली. त्या वर्षी मी एकही रविवार चुकवला नाही.

पुढच्या वाईनचा घोट घेऊन मी "छान झालीय" म्हटलं, तेव्हा बाबा तिथेच जमिनीवर बसले. आईनंही पेल्याला ओठ लावले, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा लावले. माझं लग्न त्याच शेडसमोर झालं, बाटल्या बघून न बिचकणाऱ्या घरातल्या मुलाशी. भाऊ नोकरी सोडून परत आला. टप्पे हळूहळू माथ्यापर्यंत पोहोचले.

बाबा शेवटपर्यंत पाहुण्यांना ते टप्पे दाखवायचे. प्रत्येकाला सांगायचे, पहिली टाकी नासली होती, पोरीनं ओळखलं, नाहीतर आपलं नाव गेलं असतं. आणि मी? मी शेजारी उभी राहून हसायचे.