आकडा वाढत राहिला
कसबा बावड्याकडून गळीत हंगामातला मळीचा आंबूस वास आला की आमचं जुनं ऑफिस आठवतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आम्ही तिघं मिळून बनवायचो. प्रोग्रामच्या प्रत्येक नव्या प्रतीला द्यायचा व्हर्जनचा आकडा हातानं बदलायचा हमखास राहून जायचा, मग कारखान्यात नेमकी कुठली प्रत चालू आहे ते कळायचं नाही आणि उसाच्या गाड्या काट्यावर खोळंबायच्या. शेवटी वैतागून आमच्यातल्या एकानं अशी सोय केली, की रोज सकाळी संगणकानं आपणहून सगळा प्रोग्राम नव्यानं तयार करावा आणि आकडा एकनं वाढवावा. त्याच हंगामात कोडोलीच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. एका सकाळी त्याचे वडील ऑफिसात राहिलेला त्याचा डबा आणि स्वेटर न्यायला आले. मी चहा मागवला. तेवढ्यात त्याच्या संगणकाचा पंखा घुमायला लागला, पडद्यावर ओळी सरकल्या आणि नवा आकडा उमटला. "हे कोण करतंय?" त्यांनी विचारलं. "कोण न्हाय, काका. त्यानंच लावून ठेवलंय, आपोआप हुतंय." "मग आज नवीन काय केलंय ह्यात?" "काय न्हाय. तो गेल्यापासनं कुणी हात लावला न्हाय. नुसता आकडा वाढतोय." ते पडद्याकडं बघत राहिले. "घरात बी तसंच हाय की," म्हणाले, "तारीख तेवढी बदलतीया." डबा आणि स्वेटर पिशवीत घालून ते उठले. चहा तसाच राहिला. ती सोय आम्ही बंद केली नाही, हंगाम संपेपर्यंत आकडा वाढतच गेला. आता त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही. आकडा आठवतो.