इसरूचा कान मोकळा झाला तो दिवस

इसरूले माझ्यासमोर भैरा म्हणू नका. मी साठीले आलो, पण तोंड शाबूत आहे माझं, चार शिव्या द्याले मागंपुढं पाहत नाई. म्हणायचंच असंल तं अगोदर हा दसरू, म्हणजे मी, किती शहाणा होतो ते ऐका, अन् मग कोणाले काय म्हणायचं ते म्हणा.

आम्ही दोघंई ढिवर, मासे मारणारे, नाव चालवणारे. आरमोरीच्या खालच्या अंगाले वैनगंगेवर आमचा घाट, अन् घाटावरचा डोंगा इसरूचा, त्याच्या बापापासून. पूल नव्हता तेव्हा. पलीकडच्या काठावर कोणी आलं की तोंडापाशी हात धरून हाक मारे, 'डोंगाऽऽ!' अन् इसरू उठे. पुराच्या पाण्याचा घों घों आवाज असो, त्याले ऐकू येच. कोणाची हाक आहे तेई सांगे. 'वामनराव गुरुजी आले,' म्हणे, 'घसा बसला आज त्यायचा.' आम्ही पैज लावू, अन् दर खेपेले हरू. लेक गोकुळा पलीकडच्याच गावात दिली होती. तिची हाक आली की हा भरल्या ताटावरून उठे. बायको केसरबाई करवादे, 'बाकीच्यायसाठी तं घास गिळून उठतेस!'

चौऱ्याऐंशी साली पुलाचं काम आलं. पूल झाला की डोंगा बसला, हे का समजत नव्हतं आम्हाले? समजत होतं. पण पूल काई आमच्या नाई म्हटल्यानं थांबणार नव्हता, अन् मजुरी बरी होती. नदीच्या मधात विहिरीसारखा पोकळ खांब खाली उतरवत. एका खांबाखाली खडक आडवा आला. तो पाहाले ठेकेदारानं मुंबईचे दोन पाणबुडे आणले. पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडात रबराची नळी. आम्ही काठावर ही गर्दी केली. ते हातभर उतरत, नाक दाबून गाल फुगवत, मग आणखी हातभर उतरत. कान दुखला की वर येत. आम्ही हसून हसून लोळलो. मीच वरडलो, 'अबे, हे का नवरीवाणी लाजत लाजत उतरून राह्यले!'

आमच्यात रीत वेगळी होती. पोट्टा बुडी माराले शिकला की एखाद दिवशी त्याच्या कानात खट्‌कन होते, रक्ताचा थेंब येते, चार दिवस ठणकते. म्हातारे म्हणत, कान मोकळा झाला. गरम तेल सोडत, कोंबडा कापत. मग तो ढिवर पक्का. इसरूचा कान काई मोकळा झाला नव्हता. दुखलं की हा वर येई. चाळिशी आली तरी आम्ही चिडवू, 'इसरू, तू कच्चाच राह्यला बावा.' तो हसे. म्हणे, 'म्हणून तं ऐकू येते मले.'

मुंबईवाले तापानं पडले अन् निघून गेले. टाक्या राह्यल्या. मुकादम म्हणाला, 'तुम्ही ढिवर ना? जा की मग.' इसरूच्या पाठीवर टाकी बांधली, कमरेले शिशाचं वजन. दोर माझ्या हाती. दोन झटके दिले की वर ओढायचं, असं ठरलं. उतरता उतरता त्यानं विचारलं, 'दसरूभाऊ, कान दुखला तं?'

मी म्हटलं, 'तं मोकळा होईल! टाकी आहे ना पाठीवर, सोस थोडं.'

तो खाली गेला. जराशानं दोन झटके आले. मी ओढलं नाई. 'मोकळा होऊन राह्यला!' असं वरडलो, अन् सारे हसले. पुन्हा दोन झटके आले, जोरात. मी दोर आणखी ढिला सोडला. देवाशपथ सांगतो, त्याचं भलंच करून राह्यलो असं वाटलं मले. मग झटके आलेच नाई, तशी माझी फाटली. ओढला वर. दोन्ही कानातून रक्त, ओकाऱ्या, पाय जमिनीवर ठरत नव्हते. तरी आम्ही नेला नाचवत घरी. कोंबडा मी कापला. केसरबाईनं तेल गरम केलं, अन् डोकं धरून दोन्ही कानात सोडलं, तेई मीच.

महिनाभर पू वाहिला, तेव्हा चांद्याले नेलं. डॉक्टर म्हणाले, पडदे फाटले ते फाटले, तेलानं सडले, आतली शीरई मेली. 'नाक दाबून हवा फुगवली असती तर कान वाचले असते,' असं म्हणाले. 'अन् तेल कोणत्या शहाण्यानं टाकलं?'

इसरूनं डोंगा सोडला नाई. पलीकडं एक बांबू रोवला, त्याले पांढरं फडकं. ज्याले यायचं त्यानं फडकं वर ओढायचं. हा दिवसभर डोळ्यावर हात धरून तिकडंच पाहे. जेवणई तिकडं तोंड करून. पाठ म्हणून केली नाई नदीकडं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, गोकुळाले दिवस भरायच्या अगोदरच कळा लागल्या. दवाखाना आमच्या काठाले. सासूनं बैलबंडीत घालून नदीवर आणली. पाऊस असा की आपला हात आपल्याले दिसंना, तं फडकं काय दिसते! दोघी वरडत राह्यल्या. गावातले सारे दूर धानाच्या बांधीत, मी पण. घाटावर एकटा इसरू, भिजत, डोळे फाडून तिकडंच पाहत बसलेला. गोकुळा हाक मारून मारून थकली, अन् तिथंच रेतीवर बाळंत झाली. पोरगं होतं. रडलंच नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तेव्हा फडकं दिसलं. डोंग्यात मीई होतो. गोकुळा पदरात गुंडाळलेलं पोरगं पोटाशी धरून बसली होती. इसरूनं ते पाहिलं. मग जसा भैरा माणूस बोलते तसा मोठ्यानं बोलला, 'हाक काऊन नाई मारली वो बाई? बापाले एक हाक माराले काय झालं होतं तुले?'

तिचा घसा पार बसला होता. नुसते ओठ हलले. तो माझ्याकडं वळला, 'दसरूभाऊ, काय म्हणते ते?'

मी गोकुळाकडं पाहिलं. तिनं मान हलवली, हळूच. सांगू नको म्हणून.

मी हात हलवून सांगितलं, नाई मारली म्हणते.

तेव्हापासून इसरू लेकीशी नीट बोलत नाई. पूल झाला, डोंगा काठावर सडला, तरी घाटावर जाऊन बसते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, पोरीनं हाक मारली असती तं मी गेलो असतो. मी बाजूले बसून मान डोलवतो.