अण्णांच्या टायरमधली हवा

लेखणी हाती घेण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. नोकरीची सारी वर्षे इतरांचे निबंध तपासण्यात गेली. स्वतःच्या चार ओळी छापायला देण्याचे धाडस कधी झाले नाही. माझे मित्र भूपालअण्णा यांच्याविषयी माझ्याहून जवळच्या कोणी लिहायला हवे होते. पण गेले काही आठवडे एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा आगाऊपणा. वाचकांनी तो पोटात घालावा.

सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, हे उठंनात..." एवढेच त्या बोलल्या. भाचीच्या साखरपुड्यासाठी मी साताऱ्याला गेलो होतो. सांगलीला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबले, त्रास झाला नसावा, असे ते म्हणाले होते. आदल्या दिवशी अण्णा एकटेच जतच्या माळावर मोटारसायकल घेऊन गेले होते आणि संध्याकाळी नीट घरी परतले होते.

कुपवाडला अण्णांचे लहानसे वर्कशॉप. मी निवृत्त झालो आणि त्यांनी मला माळाचा नाद लावला. गाडीला बटण टायर, म्हणजे रबराचे जाड, सुटे ठोकळे असलेले टायर बसवायचे आणि रविवारी डांबर सोडून मेंढरांच्या वाटांनी हिंडायचे. साठीला टेकलेल्या माणसाने असले काही करावे, हे माझ्या घरी कोणालाच रुचले नाही. पहिल्या दिवशी खडीवर मी हँडल आवळून धरले होते. अण्णा मागून म्हणाले, "सर, जरा सैल बसा की. गाडी हाय ती, स्टाफरूम न्हाई." पुढच्याच वळणाला मी आडवा झालो. त्यांनी आधी गाडी उचलली, मग माझ्याकडे वळून विचारले, "उठताय, का हितंच तास घेताय?"

त्यांचा एक नेम होता. माती लागली की दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडायची. मऊ टायर दगड धरतो, घसरत नाही. परतताना डांबर दिसले की थांबायचे आणि हातपंपाने ती पुन्हा भरायची, कारण मऊ टायरवर गाडी डांबरी वळणाला डुलते, कडेचे ठोकळे झिजतात. पंप मारताना धाप लागे. पुढच्या गावातल्या पंक्चरवाल्यापर्यंत तसेच जाऊ, असे मी एकदा सुचवले. "जोडे घालून देवळात जाल का, सर?" एवढेच ते म्हणाले आणि पंप मारत राहिले.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर वहिनींनी गाडी मला दिली. "दुसऱ्याच्या हातात बघवायची न्हाई. तुमीच न्या." अंगणातून ढकलतानाच ती जड लागली. दोन्ही टायर मऊ होते, माळावर असावेत तसे. उभ्या गाडीची हवा उतरते, अशी मी मनाची समजूत घातली. घरी आणून हवा भरली, रोज अंगठ्याने दाबून पाहिली. ती जराही उतरली नाही. अण्णा गेले त्याच महिन्यात आम्ही दोघांनी बसवलेल्या त्या कोऱ्या टायरांचे कडेचे ठोकळे मात्र झिजून गेले होते...

म्हणजे त्या रविवारी अण्णा जतपासून सांगलीपर्यंत मऊ टायरवर आले. का? घाई होती? कंटाळा आला? की छातीत काही होत होते आणि पंप मारवला नाही? मी उठतो, चाक दाबतो, आत येतो, पुस्तक उघडतो, मिटतो, पुन्हा गाडीपाशी जातो.

परवा वहिनींकडे गेलो होतो. चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "एक बरं झालं बघा भावजी. वाटंत काय दुखलं-खुपलं असतं, तर मला सांगितल्याबिगर ऱ्हायले नसते. एवढ्या संसारात माझ्यापासनं काय लपवलं न्हाई. त्येवढ्यावरच दिवस काढते." मग सहज विचारले, "गाडी चांगली हाय न्हवं?"

मी मान हलवली. त्यांच्या माणसाची शेवटची संध्याकाळ जाणण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे, असे सकाळी वाटते. संध्याकाळी वाटते, मला तरी कुठे खात्री आहे? येत्या रविवारी त्या गाडी बघायला येणार आहेत. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांना सांगितले असते का?