देओलिंदाच्या रविवारच्या शर्यती

मॅरेथॉनच्या अगदी मागून एक गाडी येते. जे फार मागे पडतात त्यांना ती गोळा करते. आमच्याकडे तिला झाडूगाडी म्हणतात. त्या नोव्हेंबरात तिने देओलिंदाला गोळा केलं. गाडीतल्या माणसाने तिच्या छातीवरचा नंबर काढून घेतला आणि म्हणाला, "चढा आजी, लोकांना जेवायला जायचंय."

देओलिंदा तेव्हा सत्तेचाळीसची होती. नातवंडांचा पत्ता नव्हता.

"हळू पळते म्हणून उचललं, ते एक वेळ सोडून देईन," सोमवारी ती मला म्हणाली, "पण आजी म्हणाला मेला!"

आम्ही दोघी एकाच बुटांच्या कारखान्यात शेजारच्या मशीनवर बसतो आणि बुटांच्या वरच्या चामड्याची शिलाई करतो. मशीनच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे देओलिंदाची सगळी सुखदुःखं मी ओरडूनच ऐकलेली. त्या दिवशी मात्र तिने मशीन बंद केलं आणि माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात सांगितलं, "पुढच्या वर्षी त्या गाडीचा दिवासुद्धा मला दिसणार नाही. मला वेग पाहिजे. दर रविवारी शर्यत पळणार, छोटी छोटी, जीव खाऊन."

आमच्या मिन्यो भागात शर्यतींना काय तोटा? प्रत्येक गावाचा एक संत, प्रत्येक संताची जत्रा, आणि जत्रेच्या सकाळी चर्चभोवतीच्या दगडी गल्ल्यांतून धावायची शर्यत. बक्षीस म्हणून कुठे खारवलेला मासा, कुठे दारूची बाटली, कुठे मक्याचा पाव.

ती ज्या क्लबात पळायची तिथले अमादेउ मास्तर हे ऐकून उखडले.

"मॅरेथॉनसाठी लांब आणि हळू पळायचं असतं. दर आठवड्याला शर्यत? पाय मोडून घेशील, बाई!"

"मास्तर, लांब आणि हळू तर मी जन्मभर करतेय. दिवसभर मशीन, मग घर. जोरात काय ते एवढंच राहिलंय."

"माझ्या क्लबाचं बनियन घालून हे चाळे चालायचे नाहीत."

देओलिंदाने तिथल्या तिथे अंगावरचं जॅकेट काढलं, आत घातलेलं बनियन डोक्यावरून काढलं, नीट घडी केली आणि मास्तरांच्या हातात दिलं. जॅकेट परत अंगावर चढवून ती घरी गेली आणि तिने नवऱ्याच्या जुन्या फुटबॉलच्या शर्टाच्या बाह्या कापल्या.

फिर्मिनो, तिचा नवरा, तसा गरीब माणूस. पण शर्टावरून पेटला. "अगं, तो माझा लग्नाआधीचा शर्ट!"

"मग आता संसाराच्या कामी येऊ दे."

पहिली शर्यत फेब्रुवारीत झाली. ती शेवटून पहिली आली आणि चर्चच्या भिंतीशी वाकून ओकली. मी पाण्याची बाटली घेऊन उभी. तोंड पुसत म्हणाली, "घशात लोखंडाची चव येते गं. पुढच्या रविवारी कुठली जत्रा आहे?"

मार्च गेला, एप्रिल गेला. फिर्मिनो गाडी चालवायचा, मी मागच्या सीटवर जेवणाचा डबा सांभाळायची. शनिवारी ती डोंगरापलीकडच्या बहिणीकडे पळत जायची आणि पळत यायची, पण मास्तरांच्या कानावर ते जाऊ द्यायची नाही. "त्यांना वाटेल मी ऐकलं," म्हणायची.

जूनमध्ये एका गावात कहर झाला. तिथे पुरुषांना चर्चभोवती तीन फेऱ्या आणि बायकांना एकच. देओलिंदाने बायकांची फेरी पुरी केली, घोटभर पाणी प्यायली आणि सरळ जाऊन पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. कर्ण्यावरून निवेदक ओरडला, "बाई, तुमची शर्यत संपली!"

"तुमच्यापुरती संपली असेल. माझी अजून बाकी आहे!"

लोक हसले. एकाने शिट्टी मारली. जत्रेच्या कारभाऱ्याने येऊन तिच्या कोपराला धरलं. तिने नुसतं त्या हाताकडे पाहिलं. त्याने हात काढला. मग बार उडाला आणि ती पळाली. तिसऱ्या फेरीत चढावर तिने दोन तरण्या गड्यांना मागे टाकलं, तेव्हा भाजलेल्या सार्डिन माशांच्या टपरीवरच्या बायकांनी उलथणी वाजवून जो गलका केला, त्यात निवेदकाचा कर्णाही बुडाला. बक्षीस कसलं द्यायचं यावर कारभारी घुटमळत होते. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणून ती गाडीत येऊन बसली.

ऑगस्टमध्ये टाच धरली. मास्तर कॉफीच्या दुकानात सगळ्यांना सांगत सुटले, "मी म्हणालो होतो!" त्यांचं खरं होतं. देओलिंदा दोन रविवार घरी बसली, रडली, फिर्मिनोवर विनाकारण खेकसली. पण तिसऱ्या रविवारी पट्टी बांधून पुन्हा रांगेत. मी म्हटलं, "कशाला जिवाशी खेळतेस?" तर म्हणाली, "आधी ज्या वेगाला धाप लागायची, त्या वेगात आता मी तुझ्याशी भांडू शकते. हे मी सोडू?"

नोव्हेंबर आला. मी आणि फिर्मिनो मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर, नदीकाठच्या पुलापाशी उभे राहिलो. आदल्या वर्षीचा अंदाज धरून, चांगले लवकर. क्लबाच्या पोरांसाठी मास्तरही तिथेच आले होते. माणसं येत होती, जात होती, देओलिंदा नाही. फिर्मिनोने सुकं सँडविच खिशातून काढलं, परत ठेवलं.

"बसली असेल कुठेतरी रस्त्याकडेला," मास्तर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे कबूल करायला हवं.

मग झाडूगाडी आली. फिर्मिनो धावत जाऊन काचेला नाक लावून आत बघू लागला. चार अनोळखी माणसं ब्लँकेट पांघरून बसलेली. त्यांत देओलिंदा नव्हती. आम्ही तिघेही शर्यतीच्या शेवटाकडे जवळजवळ पळतच सुटलो, मास्तर सगळ्यांत पुढे.

देओलिंदा तिथे कट्ट्यावर बसली होती. बूट काढलेले, गळ्यात पदक, हातात अर्धं खाल्लेलं केळं.

"कुठे मेला होतात?" ती ओरडली. "तासभर थंडीत कुडकुडतेय! माझे कपडे कुणाकडे आहेत?"

आम्ही पुलावर पोचायच्या आधीच ती पूल ओलांडून गेली होती. फिर्मिनो तिच्या पायांशी बसला आणि तिची बोटं चोळू लागला. मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"छान पळालीस. पण लांबचा सराव माझ्या पद्धतीने केला असतास, तर कल्पना कर..."

"कल्पना तुम्ही करा मास्तर. मी पळते."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्याचा जिना कठड्याला धरून उलटी उतरली. सुपरवायझर म्हणाला, "हौस फिटली ना? आता जरा वयाप्रमाणे वागा."

देओलिंदाने मशीनमध्ये दोरा ओवला. "रविवारी संत साओ मार्तिन्योच्या जत्रेची शर्यत आहे. भाजलेले चेस्टनट आणि नवी दारू. कोण येतंय?"

चाळीस बायकांच्या माना खाली. सुपरवायझर माझ्याकडे बघून हसला, आणि ते हसू मला झोंबलं.

"मी," मी ओरडले.

सगळी मशीनं चालू असतानाही ते सगळ्यांना ऐकू गेलं.