विमानात न मावलेले गुडघे

आमची लेक उंच होत गेली तशी मी एकेका वस्तूशी भांडत गेले. तयार सलवारी तिच्या घोट्यापर्यंत पोचेनात, पलंग पुरेना, आणि टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीवरच्या रिक्षात बसली की डोकं छपराला लागायचं. विमानाचं मात्र माझ्या कधी मनात आलं नव्हतं. पोरीला विमानाने खेळायला नेतात, यातच आम्ही खूश होतो.

बँकेने यांना कोलकात्याला पाठवलं तेव्हा ती पाळण्यात होती. पुढे यांच्या बदल्या होत राहिल्या, आम्ही दोघी इथेच राहिलो, आणि आता हेही परत येऊन न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये स्थिरावलेत. लेकीचं मराठी घरापुरतं, तेही मोडकंतोडकं. रागावते ती बंगालीत, आणि झोपेत बडबडते तीही बंगालीतच. व्हॉलीबॉल खेळते. जाळीपाशी उडी मारून समोरचा फटका अडवायचा, हे तिचं काम.

क्लबचा सराव मैदानावर असतो. ही एस्प्लनेडला मेट्रोतून उतरून चालत जाते. संघातल्या बऱ्याच मुली लांबच्या गावांहून गाडीने सियालदहला उतरून येतात. सुट्टीच्या दिवशी सगळी टोळी आमच्याकडे यायची. "काकिमा, आर एकटु," म्हणजे अजून थोडी, असं म्हणत माझी साबुदाण्याची खिचडी फस्त करायच्या. उपास कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही सांगायची घाई नव्हती. त्यांच्यातली, फटका मारणारीला चेंडू वर उचलून देणारी मुलगी सगळ्यांत बुटकी, आणि माझ्या लेकीची सगळ्यांत लाडकी. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की मला हसू आवरत नसे.

दक्षिणेतल्या एका स्पर्धेहून संघ परत येत होता. लेकीचा गुडघा सुजला होता, वर पट्टी गुंडाळलेली. मुलींना सगळ्यांत मागच्या रांगा मिळाल्या होत्या, आणि हिला मधली सीट, जिची पाठ मागे कलतच नाही. पाय ऐसपैस पसरता येतील अशा पुढच्या जागांवर क्लबचे पदाधिकारी बसले होते. हिने संघाच्या मॅनेजरना विनंती केली, ते म्हणाले, थोडं जमवून घे. मग हिने फोन काढला. पुढच्या सीटमध्ये रुतलेले आपले गुडघे दाखवले, दुखरा पाय त्या बुटक्या मैत्रिणीच्या मांडीवर ठेवला होता तो दाखवला, आणि मग कॅमेरा पुढे वळवून पसरलेले बूट दाखवले. "खेळतो आम्ही," ती बंगालीत म्हणाली, "आणि पाय हे पसरतात."

ती घरी येईपर्यंत व्हिडिओ गावभर झाला होता. सुरुवातीला कौतुक झालं, मग लोकांनी झोडपायला घेतलं. महाराणीसाठी विमानाचं छप्पर उचला. आधी मेडल आण, मग सीट माग. ट्रेनने जा. कोणीतरी जिराफाचं धड सीटवर बसवून वर तिचं तोंड चिकटवलं होतं, आणि ते चिकटवणाऱ्याला शाबासकी देणाऱ्यांची रांग लागली होती. मी एकूण एक वाचलं. वाचू नकोस, असं हे सांगत होते, आणि स्वतः बाथरूममध्ये फोन घेऊन बसत होते. एखाद्या नावाजलेल्या क्रिकेटपटूने हेच म्हटलं असतं तर विमान कंपनीने हात जोडले असते आणि याच लोकांनी टाळ्या पिटल्या असत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

क्लबने निरोप धाडला: व्हिडिओवर माफी माग, तोवर सरावाला येऊ नकोस. पण संघातल्या मुली पेटून उठल्या. एकेकीने तोच व्हिडिओ आपल्या नावाने टाकला आणि खाली लिहिलं, आम्हीसुद्धा. त्या बुटकीने तर लिहिलं की माझे पाय पुरतात, पण हिचे पुरत नाहीत तोवर माझेही पुरत नाहीत. लेक ते वाचून ढसाढसा रडली आणि मग दोन ताटं जेवली. क्लबच्या सेक्रेटरींची भाषाही जरा मऊ झाली होती. आणखी चार दिवस आम्ही सगळे गप्प बसलो असतो तर निभावलं असतं.

पण आमचे हे! नव्या गावी बदली झाली की हा माणूस गॅसच्याही आधी मराठी मंडळाचा नंबर शोधतो. घर, डॉक्टर, कैरीचं लोणचं, शाळेतला प्रवेश, सगळं आम्हाला मंडळातूनच मिळत आलं. आम्हा बदलीवाल्यांचं माहेर, सासर आणि पोलीस ठाणं तेच. तेव्हा यांनी अगदी साधेपणाने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, या क्लबच्या सेक्रेटरींशी कोणाची ओळख आहे का? ओळख कोणाचीच नव्हती. पण एका निवृत्त गृहस्थांचा अभिमान जागा झाला. त्यांनी व्हिडिओतून फक्त आमच्या लेकीचे गुडघे कापून घेतले, मैत्रिणीची मांडी काढून टाकली, आणि वर लिहिलं: परप्रांतात एकाकी मराठी लेकीची गळचेपी! प्रत्येक मराठी माणसाने पुढे पाठवावं.

मराठी माणसांनी पाठवलं. संध्याकाळपर्यंत माझ्या नागपूरच्या मावसबहिणीने ते मलाच पाठवून विचारलं, ही तुमच्याच तिकडची का गं? खाली बंगाल्यांना शिव्या होत्या. मासे, आळस, राजकारण, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. मग इकडूनही उत्तरं आली. एवढा त्रास होतोय तर आपल्या राज्यात जाऊन खेळ. इथल्या मुलीची जागा अडवून वर रडतेस? कालपर्यंत तिच्या बाजूने लिहिणारेसुद्धा आता तेच म्हणत होते.

मैत्रिणीचा एकदाच फोन आला. "तुई एका छिलि?" तिने विचारलं. तू एकटी होतीस? लेकीने समजावलं, हे मी लिहिलेलं नाही, मला ठाऊकही नव्हतं. पलीकडून फोन बंद झाला. हळूहळू एकेकीच्या पानावरून 'आम्हीसुद्धा' नाहीसं झालं. लेक यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी कोण आहे ते मुलींनी कधी विचारलाच नव्हता," ती म्हणाली. "तुझ्या लोकांनी सांगून टाकला." मला यांचा इतका राग आला होता आणि इतकी कीवही येत होती, की त्या रात्री मी त्यांना वाढलं पण त्यांच्याजवळ बसले नाही.

मी त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं, कृपा करून ते मागे घ्या. "वहिनी, अजिबात घाबरू नका," ते म्हणाले, "आम्ही सगळे पाठीशी उभे आहोत." मी म्हटलं, पाठीशी इतके जण उभे आहात म्हणूनच तिला मागे सरकायला जागा उरलेली नाही. त्यांना ते लागलं असावं. पण मेसेज फिरतच राहिला.

ते दिवस अजून आठवतात. एका खोलीत लेक, दार आतून लावलेलं. दुसऱ्या खोलीत हे, फोन उलटा ठेवून भिंतीकडे बघत. मधल्या जागेत मी. खाली उतरावं तर गेटवरचा दरवान विचारी, दीदी खेळायला जात नाही का? मंडळातून फोन येत, लढा म्हणून. क्लबमधून येत, मिटवा म्हणून. लेकीला काय हवंय हे मात्र कोणीच विचारत नव्हतं, आणि तिला फक्त त्या मुली हव्या होत्या.

शेवटी तिने माफी मागितली. मजकूर क्लबचा होता. त्यात एक वाक्य होतं: मी माझ्यापुरतं बोलले, संघातल्या इतर मुलींचा याच्याशी संबंध नाही. ते वाचलं की मुली सुटतील, असं तिला वाटलं. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तिने ते बंगालीत म्हटलं आणि फोन मी धरला होता. "जरा हसून म्हण," हे कोपऱ्यातून म्हणाले. मी यांच्याकडे असं बघितलं की ते उठून गॅलरीत गेले.

सेक्रेटरी खूश झाले. लेकीला संघात परत घेतलं. पुढच्या स्पर्धेचं तिकीट आलं तर तिची सीट सगळ्यांत पुढे, पाय पसरायला भरपूर जागा असलेली. बाकीच्या मुली नेहमीसारख्या शेवटच्या रांगांत. ही धावत क्लबमध्ये गेली, मला नको, कोणालाही द्या. ते म्हणाले, छे छे, तुझ्यासाठी मुद्दाम घेतली आहे, परत तक्रार नको. विमानात बसल्यावर त्यांनी तिचा फोटो काढला आणि क्लबच्या पानावर टाकला: खेळाडूंची सोय हेच आमचं ध्येय.

विमान सुटायच्या आधी तिचा फोन आला.

"पुरतात का गं पाय?" मी विचारलं.

"पुरतात."

मागे कुठेतरी मुली खिदळत होत्या, ते फोनमधून मला ऐकू येत होतं. "अगं, जरा जाऊन ये ना त्यांच्याकडे."

"गेली होती. त्या चूप झाल्या." मग थोडं थांबून म्हणाली, "आई, तू बोलत राहा ना. फोन बंद करायला सांगेपर्यंत."

एरवी माझं तोंड कोणी बंद करू शकत नाही, पण त्या क्षणी मला काही सुचेना. तरी बोलत राहिले. पाण्याची टाकी धुणार आहेत, बाबांचा चष्मा सापडत नाहीये, बाजारात पडवळ काय महाग झालंय. ती हूं हूं करत होती. मध्येच ती हसली, मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी. मी हसण्यासारखं काहीच बोलले नव्हते.