नर्सबाईंच्या खोल्या आणि गावाची ऐपत

२२ जानेवारी १९७४, मंगळवार. रक्कम आठ हजार चारशे रुपये. हजर: सरपंच, गावातले पाच कर्ते पुरुष, नर्सबाई आणि मी. बैठक सोसायटीच्या गोदामात झाली, कारण बसायला तिथं खताची रिकामी पोती होती.

या रकमेत दवाखान्याची एक आणि नर्सबाईंना राहायला एक, अशा दोन खोल्या व्हायच्या होत्या. त्यातले सहा हजार तीनशे सरकार देणार आणि एकवीसशे गावानं घालायचे. रोख, दगड, मजुरी, काहीही चाललं असतं. मी सोसायटीचा चिटणीस, म्हणून हिशेब माझ्याकडं आला. तशा नर्सबाईही माझ्याकडंच होत्या. दीड वर्ष त्यांचा दवाखाना माझ्या ओसरीवर चालला होता. औषधांचं कपाट, एक टेबल, आमची ज्वारीची पोती आणि मधोमध बांधलेलं लुगडं. लुगड्याच्या अलीकडं सुया टोचल्या जात, पलीकडं बाळंतपणं होत, आणि माझ्या बायकोला पीठ काढायचं झालं तर दोन्हींतून वाट काढावी लागे.

नदीपलीकडच्या गावानं पत्र्याच्या दोन खोल्या फुकट देऊ केल्या होत्या. मार्चअखेर आमची मंजुरी आली नाही, तर नर्सबाईंची नेमणूक तिकडं जाणार होती.

"मला काय, नोकरी तिकडंबी तीच," नर्सबाई त्या बैठकीत म्हणाल्या. "पण पावसाळ्यात कळा सुरू झालेली बाई नदी कशी उतरायची, तेवढं तुम्ही ठरवा."

सरपंचांना हे लगेच पटलं. त्यांच्या मुलीला चौथा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं.

आता गावाच्या सवयीविषयी सांगायला हवं. मागच्या दोन दुष्काळी वर्षांत गावात जीप आली ती टंचाईच्या पाहणीलाच. त्यामुळं जीप आल्यावर काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नसे. रस्त्यावर धुरळा दिसला की चांगली बैलं ओढ्यात, तांब्याची घागर माळ्यावर आणि फाटक्या बंड्या घातलेले म्हातारे चावडीपुढं. सगळ्यांत पुढं बसत ते अप्पा. अप्पांना साहेबानं नुसतं "कसं काय?" विचारलं तरी त्यांच्या डोळ्यांतून धार लागे. त्यांच्या रडण्यामुळं गावाला खडी फोडायचं दुष्काळी काम आणि पोरांना खायला सुकडी लवकर मिळाली, हे मी नाकारत नाही.

फेब्रुवारीत विस्तार अधिकारी आले ते मात्र उलट्या कामासाठी. गाव एकवीसशे रुपये उभे करू शकतं का, हे त्यांना बघायचं होतं. आम्हा आठ जणांना ते ठाऊक होतं. बाकी गावाला सांगायचं कुणी, हे ठरवायचं राहूनच गेलं. जीप चावडीशी थांबली तोवर बैलं ओढ्यात पोचली होती.

साहेबांनी नेमकं अप्पांनाच विचारलं, "काय आजोबा, दवाखान्याला गाव एकवीसशे रुपये घालील ना?"

"एकवीसशे?" अप्पांच्या डोळ्यांतून धार लागली. "सायब, एकवीस पैसं न्हायती. रेशनची मिलो जवारी खाऊन पोटाचं पार वाटोळं झालं. ह्ये बगा." त्यांनी बंडी वर केली.

सरपंच खोकले. मीही खोकलो.

"आन् ह्ये बगा, समद्या गावाला खोकला," अप्पा म्हणाले. "औशिदाला पैका न्हाय."

साहेब हळवे निघाले. त्यांनी स्वतःच्या खिशातले पाच रुपये अप्पांच्या हातावर ठेवले, कागदावर 'गावाची ऐपत नाही, शिफारस करता येत नाही' असं लिहिलं आणि जीप निघून गेली. ते पाच रुपये लोकवर्गणीत जमा करावेत, असं मी अप्पांना सुचवलं.

"का म्हनून? रडलो म्या," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं तालुक्याला गेलो.

"साहेब, गावाची ऐपत आहे."

"मग ते आजोबा?"

"ते सवयीनं रडले."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "आणि माझे पाच रुपये?"

"ते काही परत यायचे नाहीत."

बहुधा या उत्तरामुळंच त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. आणखी एकदा येतो म्हणाले, एकदाच.

या खेपेला सरपंचांनी सगळं आपल्या हातात घेतलं. आदल्या दिवशी दवंडी दिली की उद्या कुणीही रडायचं नाही. पोळा कितीतरी लांब, तरी बैलांवर झुली चढल्या. बायका लग्नातल्या साड्या नेसून पाण्याला गेल्या. मुरुमच्या बाजारातून पेढे आणले. सरपंचांनी स्वतःचा कोट अप्पांना घातला आणि हसत राहायला सांगितलं.

"कसं काय, आजोबा?" साहेबांनी जपूनच विचारलं.

"लई मजा," अप्पा म्हणाले आणि हसले. हसायची त्यांना सवय नव्हती. साहेब एक पाऊल मागं सरकले.

तेवढ्यावर भागलं असतं, पण सरपंचांना राहवलं नाही. "एकवीसशेचं काय घिऊन बसलाव सायब? मनावर घेतलं तर आमी समदंच बांधू!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग बांधा की. हे पैसे मी गरजू गावाला देतो."

मार्च निम्मा सरला होता. सरपंचांचा फेटा तसाच उभा होता, चेहरा मात्र पडला. साहेब जीपकडं वळले, तशा नर्सबाई आडव्या आल्या.

"दवाखाना न बगताच चालला व्हय, सायब?"

त्यांना नाही म्हणता आलं नाही. ओसरीवर साहेब कपाट आणि पोत्यांच्या मध्ये कसेबसे उभे राहिले. लुगड्यापलीकडं पहाटे बाळंत झालेली एक बाई होती. तिचं पोर रडायला लागलं. अलीकडं सुई टोचून घ्यायला आलेली म्हातारी साहेबांना बघून पदर सावरत भिंतीकडं तोंड करून बसली. तेवढ्यात मागून माझी बायको परात घेऊन आली.

"जरा सरका की. पीठ काढायचंय."

साहेब सरकले, ते थेट टेबलावर आदळले.

"गावाची ऐपत ह्यांना इचारा, ती मला ठाव न्हाय," बायको म्हणाली. "मला एवढंच सांगा, माझी ओसरी मोकळी कवा व्हनार?"

साहेब माझ्याकडं वळले. "चिटणीस, खरं काय ते सांगा."

"रोख सातशे चाळीस जमलेत. उरलेले तेराशे साठ रोख निघणार नाहीत. त्याबदल्यात दगड आणि खडी देऊ. दोन वर्षं गावानं दुसरं काही केलेलंच नाही."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"पहिल्या दिवशी आपण अप्पांना विचारलं."

साहेब हसले नाहीत, पण पेनाचं टोपण काढलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली.

दगडाचं काम गावाला पाठच होतं. दुष्काळी कामावरच्याच टोळ्या पुन्हा जमल्या. बौद्ध वस्तीतली टोळी आणि धनगरांची टोळी यांच्यात एवढी चढाओढ लागली की ठरल्यापेक्षा जास्त खडी पडली आणि उरलेली सरपंचांनी चावडीपुढच्या चिखलात टाकली. जूनमध्ये पत्रे चढले. जुलैत नदी दुथडी भरलेली असताना सरपंचांची मुलगी नव्या खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली. दारं तेवढी बसायची होती, म्हणून सरपंच स्वतः उघड्या चौकटीत बाहेर तोंड करून, घोंगडी पसरून रात्रभर उभे होते. कुणी आलं की म्हणत, "आत काम चालूय."

सरकारचे सहा हजार तीनशे आणि गावचे रोख सातशे चाळीस, एकूण सात हजार चाळीस. त्यातले गवंड्याला दोन हजार दीडशे. पत्रे आणि लाकडाच्या व्यापाऱ्याला तीन हजार साठ. सिमेंट-चुन्याला बाराशे चाळीस. उरले पाचशे नव्वद, ते सुताराचे. दारं बसवायला त्यानं श्रावण उजाडवला. नर्सबाई आत गेल्या, दार लावून घेतलं, आतून कडी घातली. बराच वेळ उघडलीच नाही. कडी अडकली असं वाटून सुतार घाबरला आणि दार ठोठावू लागला.

"अडकली न्हाय," आतून नर्सबाई म्हणाल्या. "द्या त्याचं पैसं."

पाचशे नव्वद रुपये सुताराला रोख दिले.