अक्कांची पांढरी रेघ

अक्का आमच्या दाराची घंटा कधीच वाजवत नसत. फाटकाशी येऊन सायकलचीच घंटी वाजवत आणि मी बाहेर येईपर्यंत सीटवरून उतरतही नसत. मुलांनो, तिकडून माझ्याशी व्हिडिओवर बोलताना माझ्यामागे ट्रिंग ट्रिंग ऐकून तुम्ही हसायचात ना, त्या या अक्का. सांगलीत आमच्या समोरच्या घरात राहत. सत्तरी ओलांडलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पायांत कॅनव्हासचे बूट.

माहेर पलूसचं. यजमान सैन्यात होते. छावणीच्या मैदानावर त्यांनी अक्कांना सायकल शिकवली. "पडलं तर रडायचं न्हाई, उठून रिपोर्ट द्यायचा, असं म्हनायचं आमचं सुभेदार," हे त्या हसत सांगत. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "ब्रेक हातात, घंटी बोटात, मग भ्या कुनाचं?"

हेच त्यांनी नातीला, रेवाला, शिकवलं. पण त्यांचा मुलगा सुहास तिला सायकलने शाळेत जाऊ देईना. त्याचंही चूक नव्हतं. आमच्या रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या आणि मधून उसाच्या ट्रॉल्या. पोरीने जायचं कुठून? पालिकेने शाळेपर्यंत सायकल मार्गिका आखायचं ठरवलं, तेव्हा तो म्हणाला, "पट्टा मारू द्या, मग जाऊ दे तिला." रेवाने त्याच दिवशी सायकल पुसून ठेवली.

पट्टा काही मारला गेला नाही. वरून आदेश आला: शहरात नवी सायकल मार्गिका करायची तर आधी शासनाची परवानगी, आणि मोटारींची जागा कमी होत असेल तर मार्गिका नाहीच.

जन्मभर इंग्रजी शिकवलेली मी. मुद्देसूद अर्ज लिहिला, समास सोडून, परिच्छेद पाडून. अक्कांनी तो कचेऱ्याकचेऱ्यांतून सायकलवर फिरवला. परत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, अर्ज लय ग्वाड झालाय. पन त्यो वाचंस्तवर रेवा सासरी जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली. हँडलला रांगोळीची पिशवी. "रंगाचा पट्टा मारायला बंदी हाय. रांगोळीला हाय का?"

कडेच्या मोटारी हलवायला त्या घरोघर गेल्या. शेजारचे काका चिडले, "अक्का, गाडी काय डोक्यावर ठेवू?"

"डोक्यावर कशाला? फाटकाच्या आत ठेवा की! तितं निस्तं मोडकं फ्रिज उभं केलंय."

काकू पदराआड हसल्या आणि त्यांनी स्वतःच किल्ली आणून दिली. पट्टा जिथे यायचा होता तिथे, रस्त्याच्या दोन्ही कडांना, आम्ही बायकांनी रेघ ओढली, प्रत्येकीने आपापल्या घरासमोर. माझी रेघ वाकडीतिकडी गेली. अक्का म्हणाल्या, "बाई, ही रेघ हाय का आटपाडीला जानारी यष्टी? किती वळनं घेतीया!"

पालिकेचे अभियंते आले. "अहो आजी, हे काय चाललंय?"

"रांगोळी हाय सायेब. दारात काढलीया. आमचं दार जरा रुंद हाय."

ते रेघ ओलांडायला गेले आणि पाय मागे घेऊन कडेने चालत गेले. अक्कांनी सुहासकडे नुसतं पाहिलं. उसाचा ट्रॅक्टरवालाही रेघेपासून लांबूनच जात होता. सुहास रेवाला म्हणाला, "काढ सायकल."

मग रोज सकाळी रेघ. तिच्या आतून आधी रेवा, मग तिच्या मैत्रिणी. आदेश अजून उठलेला नाही. मीही अर्ज पाठवणं थांबवलेलं नाही, पण आता सोबत रेघेचे फोटो जोडते. निवृत्तीनंतर मी खिडकीतूनच रस्ता बघत होते. मला त्या रस्त्यावर उतरवलं ते अक्कांनी. त्यांचे आभार मानले की म्हणायच्या, "आवं, रांगोळी सांडतीया, आधी ती बघा!"

गेल्या महिन्यात अक्का झोपेतच गेल्या.

सुतकात दारी रांगोळी काढत नाहीत. त्यामुळे रेघ त्यांच्या घराशी आली की तुटायची, आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी बाहेरची गाडी उभी करून गेलं. रेवा सायकल धरून फाटकात थांबलेली दिसली. सुहास म्हणाला, "मी सोडतो तुला गाडीवरनं." ती हलली नाही.

मी शेजारच्या काकांना हाक मारली. त्यांनी गाडीवाल्याला शोधून गाडी काढायला लावली. मग रांगोळीचा डबा घेऊन मी रस्ता ओलांडला.

सुहास हळूच म्हणाला, "बाई, आमच्यात सुतक हाय."

"तुमच्यात आहे. मला नाही," मी म्हटलं आणि वाकले.

माझी रेघ नेहमीसारखीच वळणं घेत आटपाडीला गेली. रेवा मात्र तिच्या आतून सरळ शाळेला गेली.